अठ्ठावीस भाग खाली

५ जानेवारी २०२५, रविवार
जळोची

पप्पांना जाऊन फेब्रुवारीत वर्ष होईल. त्यानिमित्त इंदापुरात कार्यक्रम करायचं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे दिग्विजयने ठरवून आम्हाला कळवलं आहे. दिग्विजय हा पप्पांचा जुना विद्यार्थी. दोन वर्षं पेटी शिकला, नंतर युवा नेता झाला. समितीचा अध्यक्ष तोच, निमंत्रकही तोच.

आज फ्लेक्सचा नमुना व्हॉट्सॲपवर आला. ‘स्वर्गीय पंडित धोंडीबा सरवदे सर. गानतपस्वी, आदर्श संगीतशिक्षक, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व.’ पप्पा शाळेत संगीत शिकवायचे आणि घरी पेटीचा वर्ग घ्यायचे. पंडित ही पदवी त्यांना काल दुपारी फ्लेक्सच्या दुकानात मिळाली. चेहरा त्यांचा आहे, खालचं धड दुसऱ्याच कुणाचं आहे. रेशमी कुर्ता, शाल, गळ्यात तुळशीची माळ. पप्पांनी जन्मभर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, आणि माळेचा आमच्या घराशी १९५६ पासून संबंध नाही.

आईने फोन लांब धरून पाहिलं. “तोंड ह्यांचं हाय. खालचा माणूस कोण?” मग वरची ओळ वाचली. “आन् स्वर्गात कुणी धाडलं ह्यांना? कालकथित लिव्हा म्हणावं. आमच्यात स्वर्ग न्हाय.”

माझ्या भावाने, सुयशने, ते ग्रुपवर टाकलं. दिग्विजयचं उत्तर आलं, “नक्की काकू, करेक्शन करतो. पण स्वर्गीय जरा भारदस्त वाटतं.”

‘कुटुंबवत्सल’ला मी हरकत घेतली नाही. हा गुण मोजता येत नाही. माझ्याकडचा पुरावा एवढाच की ते रोज दुपारी मला कामावर फोन करून “जेवलीस का?” विचारायचे. मी हो म्हटलं तर “बरं” म्हणायचे, नाही म्हटलं तरी “बरं”च म्हणायचे. माहिती म्हणून त्या फोनचा उपयोग शून्य होता. अजूनही दुपारी मी फोन टेबलावर उताणा ठेवते. सवय आहे, जाईल.

१२ जानेवारी, रविवार

कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण ठरलं. पप्पांचे सगळे विद्यार्थी एकत्र बसून त्यांनी बसवलेली भूप रागातली धून वाजवणार. मधोमध पप्पांची पेटी, आणि ती दिग्विजय वाजवणार. फ्लेक्सवर ‘पन्नास पेट्यांचा महासंगम’ असं आहे. नावं सव्वीस आली आहेत.

नुसत्या पेट्या फिक्या वाटतील म्हणून दिग्विजयने पुण्याच्या एका स्टुडिओतून ट्रॅक बनवून आणला. तबला, बासरी, व्हायोलिनं, सगळं रेकॉर्ड केलेलं. हा ट्रॅक स्पीकरवर लावायचा आणि त्याबरोबर पेट्या वाजवायच्या.

इंदापूरच्या हॉलमध्ये आज पहिली तालीम झाली. पेट्या आणि ट्रॅक यांचं जमेना. जत्रेत दोन पाळणेवाल्यांचे स्पीकर शेजारी शेजारी लागावेत तसं झालं. दिग्विजय म्हणाला, स्पीकरमध्ये प्रॉब्लेम आहे. साउंडवाला म्हणाला, हॉलमध्ये आहे. सुयश म्हणाला की पप्पांच्या आठवणीने सगळ्यांचे हात थरथरत आहेत.

मी बारामती एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक वजनकाटे, दाबमापक, तापमापक आणतात. ती उपकरणं खरं सांगतात की खोटं, ते आम्ही आमच्या अधिक चांगल्या उपकरणाशी ताडून बघतो. आमचं उपकरण त्याहून चांगल्याशी ताडलेलं असतं, आणि अशी ही साखळी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जाते. त्यामुळे आठवणीने सूर बदलतो हे मला मान्य नव्हतं. मी फोनमधल्या ॲपवर एकेका पेटीचा सा मोजला.

एका सुरापासून लगतच्या सुरापर्यंत शंभर भाग धरतात. सगळ्या पेट्या जगमान्य सुरापेक्षा अठ्ठावीस भाग खाली निघाल्या. दोन-तीन भाग इकडेतिकडे. या सगळ्या पेट्या गेली तीस वर्षं पप्पाच जुळवून देत होते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा सा उरलेल्या जगापेक्षा वेगळा आहे, आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

ॲप प्रयोगशाळेतल्या प्रमाणित उपकरणाशी ताडून घेतलं. ॲप बरोबर आहे. पप्पा चूक.

आलेख काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘सर्व पेट्या सारख्याच प्रमाणात चुकीच्या आहेत. चुकीत सातत्य आहे, अचूकता नाही.’ बरेच अंगठे आले. एकाने ‘भावपूर्ण’ लिहिलं. त्याने आलेख उघडला नसावा.

आई पोळ्या लाटत होती. तिला फोनवर दाखवलं.

“चुकीचं लावायचं म्हन्तीस?”

“अठ्ठावीस भाग.”

“म्हंजी एवढी वर्सं आमी चुकीचंच ऐकत होतो.”

मी म्हटलं, तसं म्हणता येईल.  जेवताना मीठ मागितलं, ते तिने सरकवलं, पण बघितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

समितीची सभा. दिग्विजयने माझा आलेख छापून आणला होता, रंगीत. असं कौतुक मला प्रयोगशाळेतही मिळत नाही. त्याने जाहीर केलं की पुण्याहून कारागीर बोलावून सगळ्या पेट्या दुरुस्त करायच्या. “सरांच्या पेट्या इंटरनॅशनल लेव्हलला न्यायच्या. हीच खरी श्रद्धांजली.” टाळ्या झाल्या.

मी सांगितलं की पेट्यांना हात लावायची गरज नाही. ट्रॅक संगणकावर अठ्ठावीस भाग खाली आणता येतो, काम मिनिटाभराचं आहे.

“मॅडम,” दिग्विजय म्हणाला, “ट्रॅक स्टुडिओचा आहे. बरोबर असलेली गोष्ट चुकीची कशी करायची? आणि पेट्या चुकीच्या आहेत हे तुम्हीच दाखवलंत.”

तर्क म्हणून यात खोट काढता आली नाही. पप्पांची पेटी मधोमध असणार, म्हणून तीही दुरुस्तीला द्यायची ठरली. मी हो म्हटलं. आमच्या प्रयोगशाळेत उपकरण चुकत असेल तर दुरुस्त करतात. ते कुणाच्या वडिलांचं आहे, हे विचारत नाहीत.

ती पेटी इथे जळोचीला आहे. पप्पा गेल्यावर इंदापूरचं घर बंद करून आई माझ्याकडे आली, तेव्हा तिने दोनच वस्तू हातात धरून आणल्या, कुकर आणि पेटी. कुकरला नवीन रिंग बसवली. पेटी कपाटावर आहे.

२६ जानेवारी, रविवार

काल पहिल्या सहा पेट्यांचं काम झालं. आज सकाळी काटेवाडीच्या लीलाबाई पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने आमच्या दारात. वय अडुसष्ट. भजनी मंडळात पेटीवाला मिळेना म्हणून साठीत पप्पांकडे शिकायला आल्या, आणि आता त्या मंडळाला हाकतात.

“सर्जन तूच का?” त्यांनी मला विचारलं.

“मी फक्त मोजलं.”

“डॉक्टर बी आधी मोजतंयच. पेटी परकी झालीया माझी. आवाज बसंना तिच्यावर. पहिल्यांदा वाटलं माझाच गळा गेला. सुनंनं काढा करून पाजला.”

मी त्यांना समजावलं की पेटी आता बरोबर आहे, फरक अगदी थोडा आहे आणि हळूहळू सवय होईल.

“घरातलं दार दोन बोटं सरकवलं तर कपाळ आपटतंयच की गं. त्या दाराला काय सवय?”

मी पूर्वीसारखं करता येईल का ते विचारलं, तर कारागिराचं उत्तर त्यांनी आणलंच होतं. पेटीच्या आत पितळेचे रीड असतात, हवेने थरथरणाऱ्या बारीक पट्ट्या. टोकाला घासले की आवाज वर जातो, मुळाशी घासले की खाली. पण घासलेलं पितळ परत बसत नाही. पुन्हा घासायचे तर रीड पातळ होणार. एखादा टिकेल, एखादा तुटेल.

आईने चहा केला. दोघी पप्पांबद्दल बोलत बसल्या. लीलाबाई म्हणाल्या, “माझ्या माहेरच्या देवळातली पेटी सरच लावायचं. दर साली. आत पंखा असायचा, पर सर आपलं पायरीवर बसायचं, उन्हाचं. म्हनायचं, हितं उजेड चांगला हाय.”

आई कपबशा उचलून आत गेली.

त्या देवळात मी शाळेत असताना पप्पांबरोबर गेले आहे. आत दोन ट्यूबलाइट होत्या. बारीक कामाला पुरेसा उजेड होता. पप्पांचा मुद्दा मला तेव्हाही पटला नव्हता.

३० जानेवारी, गुरुवार

एक प्रश्न सुटत नाही. चूक वेगवेगळी असती तर कानाचा दोष म्हटला असता. पण एवढ्या पेट्या, एवढी वर्षं, आणि चूक सारखीच. याचा अर्थ पप्पा कशाशी तरी ताडून बघत होते. त्यांच्याकडे काहीतरी प्रमाण होतं.

समितीत विचारलं. दिग्विजय म्हणाला, थोर घराण्याची परंपरा असणार, निवेदनात घालू. सुयशने फेसबुकवर लिहिलं की पप्पांना सूर ब्रह्मांडातून मिळत असे. त्याला साडेतीनशे लाइक आले. हा माणूस पुण्यात सॉफ्टवेअर तपासतो.

आईला विचारलं. तिने भाजी निवडत सांगितलं, “मला काय म्हाईत. लग्न होऊन आले तवा लागलेलाच होता सा. कारखान्यावरच्या सर्जेरावला विचार. तुझ्या आज्जाच्या बरोबरीनं कामाला होता. कोऱ्हाळ्यात असतोय आता, लेकाकडं.”

२ फेब्रुवारी, रविवार

कोऱ्हाळे बुद्रुकला जाऊन आले. सर्जेराव साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानाला यंत्र आहे, ते बंद ठेवतात. सुनेचं बोलणं ऐकू येतं म्हणून. माझ्यासाठी चालू केलं.

“तात्या, मी धोंडीबा सरवदेंची मुलगी.”

“धोंड्याची? तोंडावरनं न्हाय वाटत. तो हसायचा.”

मी कामाचं विचारलं. पप्पा पेटी कशावरून जुळवायचे?

“भोंग्यावरनं,” ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. पुन्हा विचारला.

“आगं भोंगा. कारखान्याचा. पाळी सुटली की वाजायचा न्हाय का? पितळी होता, वाफेवरचा. मीच सोडायचो. तुझा आज्जा गव्हाणीत ऊस टाकायला. त्याचा डबा घेऊन धोंड्या यायचा, दहा-बारा वर्साचा आसंल. कुंपणाच्या भायेर हुबा ऱ्हायचा आन् भोंगा झाला की त्याच्यात आ लावायचा. पेटी कुठली आलीया तवा. मी म्हनायचो, आत ये की लेका, कोन खातंय तुला. तर म्हनायचा, हितनं चांगलं ऐकाय येतंय. मग मी काय करायचो, त्याच्यापायी भोंगा जरा लांबवायचो. सायबानं दोनदा इचारलं, सर्जेराव, एवढी वाफ का घालवता?”

मी म्हटलं, वाफेच्या भोंग्याचा सूर दाबाप्रमाणे बदलतो. असं प्रमाण धरता येत नाही.

“माझ्या पाळीला प्रेशर हललं न्हाय कधी,” तात्या म्हणाले. त्यांना राग आला होता. “दुसऱ्या पाळीचा भोंगा रडायचा. धोंड्या त्या पाळीला यायचाच न्हाय. मोठा झाल्यावर, मास्तर झाल्यावर बी, पेट्या घिऊन गळीत हंगामातच यायचा. कुंपणापाशी सायकल लावून बसायचा. पावसाळ्यात कारखाना बंद, भोंगा बंद, मग ह्याचं बी काम बंद. लोकांना सांगायचा, हवा दमट हाय.”

हे खरं आहे. पप्पा पावसाळ्यात पेटी जुळवायचे नाहीत. नंतरच्या काळात जुळवू लागले. मी विचारलं, भोंगा किती साली बंद झाला.

“इलेक्ट्रिकचा आला तवा. जुना भंगारात गेला. वितळवला. धोंड्या बघाय आलता. म्हनला, तात्या, आता माझ्या पेटीतच ऱ्हायला.”

रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. तेव्हा कारखान्याचा भोंगा कोण रेकॉर्ड करणार?

परत येताना स्कूटर दोनदा बाजूला घ्यावी लागली. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारभर कामात लक्ष नव्हतं, पण निष्कर्ष स्पष्ट आहे. मूळ प्रमाण वितळवलं गेलं. त्यावरून थेट जुळवलेली एकच वस्तू उरली आहे, पप्पांची पेटी. बाकीच्या पेट्या भोंगा गेल्यावर तिच्यावरूनच पुन्हा पुन्हा जुळवलेल्या, म्हणजे तिच्या प्रती. आमच्या शास्त्रात मूळ प्रमाण नष्ट झालं तर उरलेल्या प्रतींना हात लावत नाहीत. त्या चूक असोत की बरोबर, त्यांच्याशिवाय दुसरा पुरावा नसतो.

हा भावनेचा विषय नाही. ग्रुपवर तसं लिहिलं, मुद्देसूद. तीन तासांनी दिग्विजयचं उत्तर आलं. “मॅडम, भोंग्याचं कुठे बोलू नका प्लीज. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. निवेदनात घराणं लिहिलंय.”

८ फेब्रुवारी, शनिवार

दिग्विजयचा माणूस काल संध्याकाळी मी कामावर असताना पेटी घेऊन गेला. आईने दिली. का दिलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “तूच हो म्हनाली होतीस म्हनं. मी म्हटलं, चुकीची हाय तर न्या.”

सकाळी पहिल्या एसटीने इंदापूरला गेले. हॉलमध्ये सतरंजीवर चौदा पेट्या झालेल्या, भिंतीकडे. उरलेल्या दाराकडे. मधे कारागीर, त्याच्यापुढे पप्पांची पेटी उघडलेली, वरची फळी काढून ठेवलेली. मी ती आतून कधी बघितली नव्हती. आत पेन्सिलने काहीही लिहिलेलं नव्हतं, एखाद्या कथेत असतं तसं. धूळ होती आणि रीड होते. कारागिराच्या हातात कानस होती.

“याला हात लावू नका,” मी म्हटलं.

“सुरुवात नाही केली अजून. चहा यायचाय,” तो म्हणाला.

दिग्विजय आला. बरोबर फोटोग्राफर होता, ‘सरांच्या वाद्याचं पुनरुज्जीवन’ टिपायला.

“मॅडम, आधी तुम्हीच चूक काढली. आता तुम्हीच म्हणता चूक जपा.”

“होय.”

“मग मी समितीला काय सांगू?”

“मुलीने पेटी उचलून नेली असं सांगा.”

“चौदा वर, बारा खाली. कसं वाजणार हे?”

“वाईट वाजेल. सेकंदाला चार-पाच वेळा आवाज थरथरेल. म्हणून ट्रॅक नको, आणि त्या चौदाही नकोत.”

“त्या चौदांचे फोटो पेपरला गेलेत,” तो म्हणाला. 

शेवटी तडजोड झाली. उरलेल्या बारांना आणि पप्पांच्या पेटीला कुणी घासणार नाही. सगळ्या पेट्या स्टेजवर बसतील. पप्पांची पेटी दिग्विजय वाजवेल. ट्रॅकही वाजेल आणि तो माझ्या लॅपटॉपवरून मीच लावायचा, कारण टेक्निकल मीच आहे.

एसटीत पेटी मांडीवर ठेवून आणली. कंडक्टर म्हणाला, “ताई, वर ठिवा, लगेज हाय ते.” मी ठेवली नाही. खड्डे फार आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

कार्यक्रम झाला.

फ्लेक्सवर ‘कालकथित पंडित’ असं होतं. तुळशीची माळ खोडली होती, एक मणी कानाजवळ राहिला होता. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. लगेच निवेदकाने शारदेला वंदन केलं आणि पप्पांना गंधर्वलोकात पोहोचवलं. भन्तेजी छताकडे बघत होते. मग पाच भाषणं. एका वक्त्याने सरांनी आपल्याला तबला शिकवल्याचं सांगितलं. पप्पांना तबला येत नव्हता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, तेव्हा त्यांच्यासाठी पाचातली दोन भाषणं पुन्हा झाली.

मग महासंगम. मी ट्रॅक लावला. चौदा पेट्या ट्रॅकबरोबर, बारा खाली. मी सांगितलं होतं तसंच थरथरत होतं. वाजवणाऱ्यांचे चेहरे बघवत नव्हते. एकमेकांकडे बघत होते, जणू शेजारचाच चुकतोय. दिग्विजय मधोमध, डोळे मिटून, मान डोलावत. त्याची बोटं फिरत होती, पण भाता बंद होता. पप्पांच्या पेटीतून हवाही जात नव्हती.

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे शेजारच्याला म्हणाले, “याला म्हणतात एकसूर.”

आई त्यांच्या मागच्या रांगेत होती. तिने डोळे मिटले होते. दाढ दुखताना मिटतात तसे.

ट्रॅक बंद पडला असं मी समितीला सांगितलं आहे. तो मी बंद केला.

तबला, बासरी, व्हायोलिनं, सगळं एकदम गेलं. उरल्या पेट्या, दोन तट पडलेल्या. लीलाबाईंनी, ज्यांची पेटी पहिल्यांदा घासली होती, हात थांबवले. उठल्या, गुडघ्यावर हात टेकत मध्ये आल्या.

“सरक जरा, दिग्विजय.”

“आजी, कार्यक्रम चालूय.”

“तेच म्हन्तीया. कार्यक्रम चालूय, तू सरक.”

माइक चालू होता. लोक हसले. तो सरकला. लीलाबाईंनी पप्पांच्या पेटीचा भाता ओढला आणि नुसता सा धरून ठेवला. बराच वेळ, तात्यांनी भोंगा लांबवला असेल तसा. बारा पेट्या त्याला जाऊन मिळाल्या. घासलेल्या पेट्यांवरच्या एकेकाने हात उचलला. उचललेल्यांनी मग गाऊन साथ धरली, कारण गळे त्यांचे जुनेच होते.

थरथर शून्य. ॲप चालू होतं. अठ्ठावीस भाग खाली, सगळे.

आईने मान हलवली. ठेका धरून नव्हे. कुणी ओळखीचा पत्ता बरोबर सांगितला की हलवतात, तशी.

शेवटी दिग्विजय म्हणाला, “छान झालं, पण मघाचं जास्त भारदस्त होतं.”

२३ फेब्रुवारी, रविवार

चौदाजणांपैकी नऊजणांचे फोन आले. पेट्या परत खाली आणून द्या म्हणतात. पुण्याच्या कारागिराला विचारलं. त्याने मला तासभर बसवून कानस कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाला, “मी सुरात आणलेली पेटी मुद्दाम बिघडवणार नाही. तुम्हीच करा.”

आज लीलाबाईंची पेटी घेतली. पप्पांची पेटी शेजारी ठेवून एकेक रीड मुळाशी घासला. एक तुटला. नवा बसवला. बाकीचे जमले.

लीलाबाई घ्यायला आल्या, वाजवून बघितली. “जमलंय. बापापेक्षा येळ लावतीस, पर जमलंय.”

९ मार्च, रविवार

नवी अडचण. कारागीर सांगतो, पेटी वापरात नसली की भात्याचं चामडं कडक होतं आणि रीडवर हिरवट थर चढतो. सूर हलतो. प्रमाण म्हणून ठेवायची तर ती पेटी रोज थोडी वाजली पाहिजे. आईला वाजवता येत नाही. सुयशकडे दिली तर तो तिचे फोटो काढेल. कपाटावर ठेवणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे.

म्हणून लीलाबाईंना बोलावलं.

“सरांची पोर आन् सा पासनं शिकायचं?”

“शिकायचं नाही. देखभाल करायची आहे.”

“बरं बाई, देखभाल. मांडी घाल. डावा हात भात्यावर. आगं, दप्तर हाय का ते? हळू. आता हे बोट हितं ठिव. दाबू नको, लिफ्टचं बटण न्हाय. नुसतं ठिव.”

ठेवलं. आवाज आला. पहिल्यांदा फाटका, मग सरळ. ॲप लावलं होतं. बरोबर होता, म्हणजे जेवढा चुकायला हवा तेवढाच.  मी भाता ओढत राहिले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “कोण वाजवतंय?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “तपासतेय.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“मग जरा जास्त येळ तपास,” आई म्हणाली.